बाबांनी बिडी सोडली आणि रात्रीच्या गोळीची गुंगी वाढली – असं होतं का?

शिवाजीपेठकर

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, कारण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट मिळतं.

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर आयुष्यभर राबले. आता सत्तरीला टेकलेत. आई गेल्यावर त्यांचं जेवण तुटलं, झोप उडाली, तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे तेही बंद झालं. मनोविकारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी रात्री मिर्टाझापिन ही डिप्रेशनची गोळी १५ मिलिग्रॅम सुरू केली, पुढे ३० केली. गुण आला. भूक लागायला लागली, पहाटे तीनला उठून अंधारात बसणं थांबलं, नातवाशी बोलायला लागले.

बिडी मात्र चालूच होती. दिवसाला एक बंडल, कधी त्याहून जास्त. मध्यंतरी दम लागतो म्हणून छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बिडी बंद करा म्हणून बजावलं, आणि बाबांनी खरंच त्याच संध्याकाळी बंडल आणि काडेपेटी माझ्या हातात दिली. पन्नास वर्षांची सवय माणूस अशी सोडतो, हे बघून मला भरून आलं.

पण आठवडा व्हायच्या आत वेगळंच सुरू झालं. सकाळी हाक मारली तरी डोळे उघडत नाहीत. चहाचा कप हातात धरून डुलक्या घेतात, चहा मांडीवर सांडतो. काल रात्री लघवीला उठले तेव्हा भिंत धरत धरत गेले. गोळी तीच, वेळ तीच, कंपनी तीच.

छातीच्या डॉक्टरांना मनाची गोळी माहीत नाही आणि मनाच्या डॉक्टरांना बिडी सोडल्याचं माहीत नाही. त्यांची पुढची तारीख अजून लांब आहे. शेजारचे म्हणतात, "शरीराला सवय असते, एखादी ओढू द्या, तरतरी येईल." मला ते पटत नाही, पण बिडीचा आणि गुंगीचा संबंध आहे का, हे कुणी नीट सांगेल का?

फौंड्रीवाला

भावा, तुझ्या बाबांना पहिला नमस्कार सांग. एका दिवसात बंडल ठेवणं खायचं काम नाही.

माझा अनुभव उलटा हाय म्हणून लिहितोय. मी शिरोलीला फौंड्रीत हाय. डोकं दुखायचं म्हणून मला रात्री ॲमिट्रिप्टिलिन १० दिली होती. ती घेतली की मेल्यासारखी झोप लागायची. मी बिडी-सिगरेट कधी ओढली नाही, पण तंबाखू-चुना पाळीत चालूच असायचा. गेल्या वर्षी तंबाखू बंद केली तर गुंगी वाढायची सोडून झोपच उडाली. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. चिडचिड एवढी, की घरातली माझ्याशी बोलायची बंद झाली. म्हणून मला तर वाटतंय तुझ्या बाबांची गुंगी दुसऱ्याच कशानं तरी असणार.

गोळीपाणी

मी फार्मासिस्ट आहे, शाहूपुरीत दुकान आहे. शिवाजीपेठकर, आधी कामाचं सांगतो, कारणं नंतर.

मनोविकाराच्या डॉक्टरांना तारखेची वाट न बघता आजच फोन करा. "बिडी पूर्ण बंद केली, तेव्हापासून गुंगी वाढली, चालताना तोल जातोय" ही तीन वाक्यं त्यांच्यापर्यंत पोचली पाहिजेत. फोन लागला नाही तर जाऊन बसा. गोळी स्वतःहून बंद करू नका आणि मनानं अर्धीही करू नका. आणि तरतरी यावी म्हणून बिडी तर अजिबात देऊ नका.

आता प्रश्न. छातीच्या डॉक्टरांनी आणखी काय काय लिहून दिलं? खोकल्याचं औषध आहे का? असेल तर बाटली हातात घ्या आणि मागच्या बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते इथं टाका. बीपीची गोळी चालू आहे का? कुठलं अँटिबायोटिक? रात्री थोडी दारू घ्यायची सवय? सगळं खरं सांगा, इथं कुणी नावं ठेवणार नाही.

शिवाजीपेठकर

दारू नाही. बीपीची ॲम्लोडिपिन सकाळी एक. खोकल्याचं औषध आहे, दोन चमचे तीन वेळा. बाटलीवर क्लोरफेनिरामिन आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन लिहिलंय. अँटिबायोटिक पाच दिवस होतं, संपलं. सिप्रोफ्लॉक्सासिन होतं.

गोळीपाणी

विचारलं ते बरं झालं. क्लोरफेनिरामिन हे सर्दी-ॲलर्जीचं जुनं औषध, तेही गुंगी आणणारंच. मिर्टाझापिनची गुंगी ज्या रस्त्यानं येते, म्हणजे मेंदूतलं हिस्टामिन अडवून, त्याच रस्त्यानं याचीही येते. सत्तरीच्या माणसाला दोन्ही एकदम म्हणजे दिवसभर डोळे मिटणारच. खोकला दाबणाऱ्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनबद्दलही सांगा, ते डिप्रेशनच्या गोळ्यांबरोबर देताना विचार करावा लागतो. फोनवर या बाटलीचं नाव नक्की वाचून दाखवा. छातीच्या डॉक्टरांनाही कळवा, गुंगी न आणणारा पर्याय ते देऊ शकतात.

सिप्रोफ्लॉक्सासिनबद्दल इथले डॉक्टर जास्त चांगलं सांगतील.

पंचगंगेकाठी

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, याच जिल्ह्यात. पेशंट समोर नसताना डोस सांगणार नाही, पण यामागे काय घडतं ते सांगतो, कारण हे फार थोड्या घरांपर्यंत पोचतं. बिडी आणि गुंगीचा संबंध आहे. आणि फौंड्रीवाला यांचा अनुभवही तितकाच खरा आहे.

बिडीतून शरीरात दोन गोष्टी जातात, निकोटिन आणि धूर. गोळीचा हिशेब बदलतो तो धुरामुळे. पान-तंबाखू जळताना पॉलिसायक्लिक अरोमॅटिक हायड्रोकार्बन नावाची द्रव्यं तयार होतात, ती धुरातल्या चिकट डांबरात (टारमध्ये) असतात. ती यकृतातल्या एका एन्झाइमचं, सीवायपी१ए२ चं, उत्पादन वाढवतात. फौंड्रीत ऑर्डर वाढली की जादा पाळी लावतात, तसं यकृत या एन्झाइमची जादा पाळी लावतं. मग हे एन्झाइम ज्या औषधांची विल्हेवाट लावतं ती औषधं रक्तातून लवकर निघून जातात. मिर्टाझापिनचा काही भाग याच एन्झाइमनं निघतो. ॲमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन यांचाही काही भाग. फ्लुवोक्सामिन आणि ड्युलोक्सेटिनवर तर याचा परिणाम चांगलाच जाणवतो. डिप्रेशनच्या गोळ्यांबाहेर सांगायचं तर ओलान्झापिन आणि क्लोझापिन, ही स्किझोफ्रेनियासारख्या मोठ्या मानसिक आजारांवरची औषधं.

बाबांना ३० मिलिग्रॅमपर्यंत जावं लागलं तेव्हा ते रोज बंडलभर ओढत होते. तो डोस बिडी ओढणाऱ्या बाबांसाठी बसवलेला होता. बिडी थांबली की जादा पाळी बंद होते. तीन-चार दिवसांत एन्झाइम बरंच खाली येतं, आठवडाभरात न ओढणाऱ्याच्या पातळीला. तुम्ही लिहिलंय "आठवडा व्हायच्या आत", ते यात बरोबर बसतं.

पण सगळं बिडीच्या माथी मारणंही बरोबर नाही. मिर्टाझापिन आणखी दोन एन्झाइमांनीही निघते, त्यामुळे एकट्या बिडी सोडण्यानं तिची पातळी क्लोझापिनइतकी चढत नाही. तुमच्या घरात चार गोष्टी एकाच आठवड्यात आल्या. धूर थांबला. सिप्रोफ्लॉक्सासिन आलं, जे याच सीवायपी१ए२ ला अडवतं, म्हणजे खाली येणाऱ्या एन्झाइमवर वरून आणखी दाब. खोकल्याचं औषध आलं. आणि निकोटिनची दिवसभराची तरतरी गेली. सत्तरीच्या पुरुषात मिर्टाझापिन शरीराबाहेर जायला तरुणापेक्षा जास्त वेळ घेते. एरवीही तिचं अर्धं प्रमाण उतरायला २० ते ४० तास लागतात. म्हणून रात्रीची गोळी सकाळच्या चहापर्यंत रेंगाळते.

आता फौंड्रीवाला. तुमच्या तंबाखूत धूर नव्हता, त्यामुळे ॲमिट्रिप्टिलिनची पातळी तंबाखू सोडल्यानं हलली नाही. पण निकोटिन तुम्हाला भरपूर मिळत होतं. चुना लावून मळली की तंबाखू अल्कधर्मी होते आणि निकोटिन तोंडाच्या आतल्या कातडीतून झटकन रक्तात उतरतं. ते एकदम थांबलं की चिडचिड, उदासी, झोपमोड येते. पहिले काही दिवस जास्त, मग दोन ते चार आठवड्यांत ओसरते. तुम्ही भोगलंत ते हेच.

हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण इंटरनेटवर या विषयावर जे सापडतं ते बहुतेक सिगरेटवर लिहिलेलं असतं. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात खाण्या-लावण्याची तंबाखू वापरणारे प्रौढ २४.४ टक्के निघाले, आणि ओढणारे ३.८ टक्के. म्हणजे माझ्यासमोर बसणाऱ्या दहा तंबाखूवाल्यांतल्या बहुतेकांना धुराचा नियम लागूच होत नाही. म्हणून डॉक्टरांनी "तंबाखू आहे का?" विचारल्यावर नुसतं "हो" म्हणू नका. काय, कशी, दिवसाला किती, आणि रात्री गोळीनंतर शेवटची कधी, हे सांगा.

राजारामपुरी१२

डॉक्टरसाहेब, मग बिडी निम्मी केली असती तर हा त्रास टळला असता का? माझ्या मोठ्या भावाला ओलान्झापिन आहे, तो वीसवरून दहा सिगरेटींवर आलाय. त्याचा डोसही कमी करायला सांगू का?

पंचगंगेकाठी

कमी केली हे चांगलं केलं, पण गोळीच्या बाबतीत वीस आणि दहा यात फार फरक पडत नाही. दिवसाला दहाच्या आसपास सिगरेटींतच एन्झाइम जवळजवळ पूर्ण वाढलेलं असतं. खरा बदल दहावरून शून्यावर येताना होतो. म्हणून भावानं तारीख ठरवली की ती आधी डॉक्टरांना कळवा, ते त्या आठवड्याचं नियोजन करतील. क्लोझापिनवाल्यांनी तर हे कधीच न सांगता करू नये. सिगरेट थांबल्यावर तिची पातळी धोक्यापर्यंत चढू शकते.

आणखी एक जागा आहे जिथं घरचे लोक गोंधळतात. पेशंट दवाखान्यात दाखल असतो तेव्हा तिथं ओढता येत नाही. डोस त्या स्थितीत बसतो. डिस्चार्ज होऊन माणूस गावी जातो, पारावर बसतो, बिडी सुरू होते, आणि पंधरवड्यात औषध "लागू पडेनासं" होतं. घरचे म्हणतात आजार उलटला. खरं म्हणजे औषध रक्तातून लवकर निघून जात असतं.

गडहिंग्लजची_सून

हे वाचून मला आमच्या सासूबाईंबद्दल विचारायचंय. त्यांना साखर आहे, पायांची आग होते म्हणून ॲमिट्रिप्टिलिन २५ रात्री आहे. तोंडाला कोरड पडते. कोरड पडली की त्या मिसरी जास्त लावतात, म्हणतात त्यानं तोंडाला पाणी सुटतं. पूर्वी सकाळी एकदा दात घासण्यापुरती होती, आता डबी कनवटीलाच असते आणि दुपारी, रात्री, मध्येच उठलं तरी बोट तोंडात. गोळी घेऊन झोपायच्या आधी तर हमखास. मग रात्री अकरापर्यंत टक्क जाग्या, आणि सकाळी गुंगी. वर म्हणतात गोळीच खोटी आहे.

डॉक्टरांनी मागच्या वेळी विचारलं होतं, "आजी, तंबाखू खाता का?" त्या म्हणाल्या, नाही. त्या खोटं बोलल्या नाहीत हो. त्यांच्या लेखी मिसरी म्हणजे तंबाखू नव्हेच. मी शेजारी उभी होते, पण सासूबाईंसमोर मध्ये बोलायचं धाडस झालं नाही.

पंचगंगेकाठी

ताई, हे तुम्ही लिहिलंत त्याचा इथल्या कितीतरी घरांना उपयोग होईल. यापुढे बायकांना "मिसरी लावता का?" असाच प्रश्न वेगळा विचारत जा, असं माझ्या ज्युनिअर डॉक्टरांना सांगतो.

सासूबाईंचं असं आहे. कोरड ही ॲमिट्रिप्टिलिनचीच. ती लाळ कमी करते, शिवाय बद्धकोष्ठ, लघवी अडकणं, उभं राहिल्यावर चक्कर हेही देते. मिसरीनं तात्पुरतं पाणी सुटतं, पण निकोटिन मेंदूला जागं करतं आणि गोळी झोपवते, अशी दोन्हीकडून ओढाताण चालते. निकोटिनचं अर्धं प्रमाण दोनएक तासांत उतरतं, म्हणून अकरापर्यंत जाग्या राहतात आणि मग गोळीची झोप उशिरा सुरू होऊन सकाळपर्यंत लांबते.

मिसरीबद्दल एक सावधगिरी. ती भाजलेली असते, त्यामुळे तिच्यात जळलेल्या तंबाखूतली ती हायड्रोकार्बन द्रव्यंही असतात. म्हणून तिला मळलेल्या तंबाखूच्या रांगेत बसवू नका. डॉक्टरांना स्पष्ट "भाजलेली मिसरी, दिवसाला इतक्या वेळा" असं सांगा. आणि कोरड्या तोंडात लाळेचं संरक्षण नसतं. त्यात तंबाखू धरून ठेवणं म्हणजे हिरड्या आणि गालाच्या आतल्या भागाला दुहेरी धोका. साखर असताना तर जास्तच. बॅटरी घेऊन तोंड उघडायला लावा. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं यातलं काही दिसलं तर दंतवैद्यांना लगेच दाखवा.

कोरडीसाठी थोडं थोडं पाणी, बिनसाखरेचा च्युइंगम, रात्री उशाशी तांब्या. पायांच्या आगीला इतर औषधंही आहेत, तेव्हा कोरड फार असेल तर बदल मागा.

गडहिंग्लजची_सून

मनापासून आभार. या वेळी नवऱ्याला बरोबर नेते. आईंना त्यानं विचारलेलं चालतं.

फौंड्रीवाला

डॉक्टर, माझ्या डोक्यात एक गाठ राहिली. बिडीनं गोळी लवकर उतरते ते कळलं, पण उदासीचा माणूस बिडी सोडून आणखी उदास होत नाही का? आमच्या इथं एक जण म्हणतोय, "टेन्शन हाय म्हणून ओढतो, सोडली तर वेड लागंल."

पंचगंगेकाठी

हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. बिडी ओढल्यावर जे बरं वाटतं ते बहुतेक आधीच्या बिडीनंतर उतरलेल्या निकोटिनची तलफ शमल्यामुळे. ती तलफच बेचैनी निर्माण करते आणि पुढची बिडी ती भागवते. सोडल्यावर पहिले काही आठवडे मन खरंच खाली जातं, ते नाकारायचं नाही. त्या काळात डिप्रेशनच्या पेशंटवर घरच्यांची आणि डॉक्टरांची नजर हवी. पण तो काळ पार झाल्यावर चित्र पालटतं. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यास एकत्र करून मांडणी झाली होती. सोडणाऱ्यांची उदासी आणि चिंता, ओढत राहणाऱ्यांच्या तुलनेत, कमी झालेली दिसली, आणि मनाचा आजार असलेल्यांतही तसंच दिसलं.

मन फारच खाली गेलं, मरणाचे विचार आले, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कुठल्याही वेळी चालतो, मराठीत बोलता येतं. तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६ आहे. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडीही आहे.

आणि एक. चहा-कॉफीतलं कॅफिनही याच सीवायपी१ए२ नं निघतं. ओढणं थांबलं की तोच चहा जास्त चढतो. छातीत धडधड, हाताला थरथर, रात्री झोप नाही, आणि माणूस समजतो ही बिडीची तलफ. सोडल्यावर पहिल्या आठवड्यात चहा निम्म्यावर आणा. आपल्या भागात चहाला नाही म्हणणं अवघड आहे, पण निदान संध्याकाळनंतरचे तरी टाळा.

गोळीपाणी

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. माझ्या दुकानात एक मावशी यायच्या, यजमानांसाठी झोपेची, मनाची औषधं न्यायला. एकदा पिशवीतून वाकळ काढून दाखवली. छातीवर येते त्या भागाला बिडीची भोकं, कडा काळ्या, एका जागी आतली चिंधी करपलेली. गोळी घेऊन अंथरुणात शेवटची बिडी ओढता ओढता माणूस झोपत होता. ज्यांच्या घरी अजून बिडी सुटलेली नाही त्यांनी एवढं पाळा. गोळी घेतल्यावर अंथरुणात बिडी नाही. ओढायचीच असेल तर गोळीच्या आधी, बाहेर, कुणीतरी जागं असताना.

आणि रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं. या गोळ्यांनी उठताना बीपी खाली येतं, त्यात बीपीची गोळी असते. खुब्याचं हाड मोडलं की या वयात माणूस अंथरुणाला खिळतो. वाटेत छोटा दिवा लावून ठेवा, पायपुसणं उचलून टाका.

शिवाजीपेठकर

मंडळी, कळवायला उशीर झाला. तुम्ही सांगितल्यावर त्याच दुपारी दवाखान्यात जाऊन बसलो. मनाच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, बाटली स्वतः वाचली, खोकल्याचं औषध बंद करायला लावलं आणि मिर्टाझापिन पुन्हा १५ वर आणली. मन खाली जातंय का बघायला लवकरची तारीख दिली. छातीच्या डॉक्टरांशी ते स्वतः फोनवर बोलले, याचं मला फार बरं वाटलं.

आता सकाळी सातला आपले आपण उठतात. डुलक्या थांबल्या. काल मला म्हणाले, "जरा गंगावेशीपर्यंत जाऊन येतो," आणि गेले. दूध पिऊन आले.

तलफ मात्र आहे. जेवण झालं की हात खिशाकडे जातो. कुणीतरी निकोटिनचा च्युइंगम सुचवला. पण त्यानं गोळीची पातळी परत बिघडेल का? आणि बाबांना कवळी आहे.

गोळीपाणी

गोळीची पातळी बिघडणार नाही. च्युइंगममध्ये नुसतं निकोटिन आहे, धूर नाही. २ मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ चा चिठ्ठीवर. पण कवळीला तो चिकटतो आणि कवळी उचकटते, म्हणून बाबांसाठी चोखायची गोळी किंवा अंगाला लावायची पट्टी डॉक्टरांना विचारा. बीपी आहे, तेही त्यांना आठवण करून द्या. च्युइंगम वापरणाऱ्या बाकीच्यांसाठी: तो साध्या च्युइंगमसारखा सतत चावायचा नसतो. दोन-चारदा चावून जीभ चुरचुरली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचा, चुरचुर गेली की परत चावायचा. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही.

पंचगंगेकाठी

पट्टी दिली आणि रात्री विचित्र स्वप्नं पडायला लागली किंवा झोप तुटली, तर झोपताना पट्टी काढून ठेवता येते. डॉक्टरांना तसं विचारा. मेडिकलमधून ब्युप्रोपिऑन मात्र स्वतःहून आणू नका. तंबाखू सोडायला ते चांगलं औषध आहे, तेही डिप्रेशनचंच, गुंगी न आणणारं. पण फिट येणाऱ्यांना ते चालत नाही, आणि मिर्टाझापिनबरोबर द्यायचं की नाही हे बाबांना तपासूनच ठरवायला हवं. पुढच्या तारखेला तलफ किती वेळा आणि कधी येते हे कागदावर लिहून न्या. जेवणानंतरचीच जास्त असेल तर चोखायची गोळी बहुधा पुरेल.

शिवाजीपेठकर

लिहून ठेवायला सुरुवात केली. बाबा स्वतःच वहीत टिपतायत, लेथच्या जॉबकार्डवर लिहायचे त्याच अक्षरात.